पुण्यात जिरेनियम वर्षानुवर्षं टिकवायचं कसं: कुंडी, मे महिना, पावसाळा आणि कटिंग

नोव्हेंबर लागला की सोलापूर रोड, उरुळी कांचन, सिंहगड रोड सगळीकडच्या नर्सऱ्यांमधे लाल, गुलाबी, पांढरे गेंद डोक्यावर घेऊन जिरेनियमच्या रांगा लागलेल्या असतात. लोक हौसेने दोन-चार कुंड्या आणतात, फेब्रुवारीपर्यंत बाल्कनी भरून जाते आणि जुलैत कुंडीत एक काळी पडलेली काडी उरते. मग सगळे म्हणतात "सीझनल असतं ते, पुढच्या वर्षी नवीन आणू". पण हे सीझनल नाहीच मुळी. चांगलं बहुवर्षायू झाड आहे, खोड खालून लाकडासारखं जाड होतं आणि नीट ठेवलं तर पाच-सहा वर्षं सहज फुलतं, शिवाय त्याच्याच काड्यांपासून फुकटात पाहिजे तेवढी रोपं होतात.

थंड देशांतली मंडळी जिरेनियमबद्दल लिहितात तेव्हा सगळा भर हिवाळ्यावर असतो, बर्फातून कसं वाचवायचं वगैरे. तो सल्ला आपण उचलून उपयोग नाही. पुण्याची थंडी म्हणजे रात्री १०-१२ अंश आणि दुपारी २८-३०, म्हणजे या झाडाची चैनच. आपल्याकडे त्याची परीक्षा दोनदा होते, एकदा एप्रिल-मेच्या उन्हात आणि एकदा जून ते सप्टेंबरच्या ओलीत. त्यातही ऊन एक वेळ परवडतं, ओल नाही. तेवढी एक गोष्ट डोक्यात ठेवून कुंडी, माती, जागा, पाणी सगळं ठरवायचं.

आधी कोणतं झाड घ्यायचं ते

आपल्या नर्सरीत जिरेनियम म्हणून जे मिळतं ते वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने पेलार्गोनियम असतं, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. स्वीडनच्या लिनियस या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७५३ मधे सगळ्यांना एकाच गटात टाकलं होतं, १७८९ मधे लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण बाजारात जुनंच नाव चालू राहिलं. खरं जिरेनियम, म्हणजे थंड प्रदेशात जमिनीत लावतात ते हार्डी जिरेनियम, हे वेगळं झाड आहे आणि त्याच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलंय. तोपर्यंत जिरेनियम म्हणजे नर्सरीतलं.

यात चार प्रकार दिसतील. झोनल म्हणजे गोल पानावर गडद पट्टा असतो ते, पुण्यासाठी पहिली पसंती हीच. आयव्ही म्हणजे जाडसर चकचकीत पानांचं, खाली लोंबणारं, हँगिंगला सुंदर दिसतं पण पावसाळ्यात जास्त नाजूक. तिसरं रीगल, मोठी फुलं आणि प्रत्येक पाकळीवर गडद डाग, बघताक्षणी घ्यावंसं वाटतं, पण त्याला कळ्या धरायला काही आठवडे सलग गारवा लागतो आणि आपल्या दुपारी हिवाळ्यातही गरम असतात, त्यामुळे पहिल्या वर्षी नर्सरीतून आलेल्या कळ्या फुलतात आणि नंतर आपल्याकडे बहुतेक नुसती पानंच. घ्यायचं तर हे माहीत ठेवून घ्या. चौथं वासाचं जिरेनियम, चिरलेली खरबरीत पानं, चुरगळली की गुलाबासारखा वास. आपल्या महाराष्ट्रात तेलासाठी जी जिरेनियम शेती करतात ती याचीच. फुलं बारीक असतात पण चिवटपणात सगळ्यात वरचढ, त्यामुळे नवीन माणसाने सुरुवात याने केली तर हात बसतो. हेच झाड काही जण "डास पळवणारं" म्हणून जास्त भावाने विकतात, पण नुसती कुंडी ठेवून डास जात नाहीत, हे प्रयोग करून तपासलेलं आहे, तेव्हा वासासाठी घ्या, डासांसाठी नको. आणि घरात मांजर-कुत्रं पानं चावणारं असेल तर कुंडी उंचावर ठेवा, या पानांनी त्यांना उलट्या वगैरेचा त्रास होतो.

नर्सरीत सगळ्यात जास्त फुललेलं उचलायचं नाही. बुटकं, तीन-चार फांद्या बुंध्यापासून फुटलेलं, कळ्या असलेलं आणि एखाद-दुसराच गेंद उघडलेला असं घ्या. पानं उलटी करून बघा, खाली तांबूस पावडरचे गोल ठिपके दिसले तर गंज रोग आहे, ते रोप कितीही स्वस्त देत असले तरी घरी आणू नका. बुंधा बोटाने दाबून बघा, मऊ किंवा काळा लागला तर तेही नको. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन असतं तिथे व्हरायटी बघायला जरूर जा, कोणता रंग, कोणता प्रकार आवडतो ते प्रत्यक्ष बघून ठरवता येतं.

ऑनलाइन बियांच्या पाकिटांवर गडद निळं झोनल दाखवतात. असं निळं झोनल जिरेनियम नसतंच, पैसे वाचवा.

कुंडी आणि माती

आणल्या दिवशी लगेच कुंडी बदलू नका, आठ-दहा दिवस आपल्या हवेला सरावू द्या. मग ८ इंची मातीची कुंडी घ्या. प्लॅस्टिकची चालते, पण मातीची कुंडी बाजूने पाणी सोडते आणि आपलं सगळं भांडण ओलीशीच आहे, म्हणून मातीचीच बरी. खूप मोठी कुंडी घेऊ नका. हे झाड जरा अडचणीत असलं की जास्त फुलतं, मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत तिथली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि तिथूनच कुज सुरू होते. खालचं भोक एकच असेल तर अजून दोन-तीन पाडून घ्या.

मातीत मुख्य बघायचं ते पाणी किती पटकन खाली जातं. नुसती काळी माती तर अजिबात नको, लाल माती पण एकटी घट्ट बसते. माझं मिश्रण असं: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग खरबरीत काहीतरी, म्हणजे परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे हलके खडे) किंवा चाळून घेतलेली जाड वाळू किंवा विटांचा भुगा, बारीक पावडर टाकून दिलेला. कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाणी काढून टाका, त्यात क्षार असतात. कुंडी भरून पाणी घालून बघा, अर्ध्या मिनिटात खालून यायला पाहिजे. वर तळं साचून राहत असेल तर अजून वाळू किंवा परलाइट घाला, लावून झाल्यावर हे सुधारता येत नाही.

नर्सरीचं रोप काढलं की मुळांभोवती नुसत्या कोकोपीटचा चिकट गोळा असतो. तो बाहेरून हलक्या हाताने मोकळा करा, नाहीतर नवीन मातीत पाणी पसरतं आणि आतला गोळा तरी चिंब राहतो किंवा कोरडा ठाक. खोड आधी होतं तेवढंच मातीत, जास्त खोल नाही.

जागा, पाणी, खत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जेवढं मिळेल तेवढं ऊन द्या, निदान पाच-सहा तास. ऊन कमी पडलं की दांड्या लांब लांब होतात आणि फुलं थांबतात. पूर्वेची बाल्कनी वर्षभरासाठी सगळ्यात चांगली. दक्षिणेची हिवाळ्यात उत्तम. पश्चिमेची असेल तर मार्चपासून दुपारचं ऊन अडवावं लागेल. उत्तरेच्या बाल्कनीत झोनल लावण्यात अर्थ नाही, तिथे दुसरं काहीतरी लावा.

पाणी द्यायच्या आधी बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी आणि दिलं की खालून येईपर्यंत भरपूर. रोज थोडं थोडं शिंपडायची सवय या झाडाला मारक आहे. थंडीत मातीच्या कुंडीला साधारण तीन-चार दिवसांनी पाणी लागतं. सकाळी द्या, पानांवर नको, बुंध्यापाशी. खालच्या ताटलीत पाणी साचलं तर ओतून टाका. वाघोली, बाणेर, हिंजवडी वगैरे भागात टँकर-बोअरचं पाणी येतं त्यांनी अजून एक लक्ष ठेवायचं, कुंडीला बाहेरून पांढरा थर चढतो आणि नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागतं. ते खताची कमी म्हणून अजून खत टाकू नका, जड पाण्यामुळे लोह मिळत नाहीये. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल असं लोह) पाकिटावरच्या मापाने द्या आणि अधूनमधून आरओ फिल्टरमधून गाळलेलं किंवा साठवलेलं पावसाचं गोडं पाणी भरपूर सोडून माती धुऊन काढा.

खत म्हणजे लावल्यावर तीन आठवडे काही नाही. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं पाण्यात विरघळणारं खत) लिटरला २ ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. कळ्या दिसायला लागल्या की त्याऐवजी १३:००:४५ (पालाश जास्त असलेलं) लिटरला १ ते २ ग्रॅम. ओल्या मातीतच द्यायचं. युरिया किंवा फार शेणखत दिलं तर तळहाताएवढी पानं येतात आणि फुलं नाहीत. ज्यांना रासायनिक नको त्यांनी महिन्याला एक मूठ गांडूळखत घालावं, फुलं थोडी कमी येतील पण झाड चांगलं राहील.

रोप लहान असताना पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडा. जिवावर येतं पण त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत. आणि गेंदातली अर्धी फुलं वाळली की पाकळ्या उपटत बसू नका, ती पूर्ण दांडी जिथे खोडाला लागते तिथून बाजूला वाकवून तोडा, टक्कन निघते. हे आठवड्यातून एकदा केलं तर मार्चपर्यंत कळ्या थांबत नाहीत.

मार्च ते मे

होळी झाली की तयारीला लागा. पहिलं काम म्हणजे चांगल्या फांद्यांची थोडी कटिंग लावून ठेवायची (कशी ते पुढे ऑक्टोबरच्या भागात), म्हणजे मोठं झाड दगावलं तरी जात हातात राहते. मग झाडाचा वरचा एक तृतीयांश भाग हलका छाटा, फुलं-कळ्या काढा. जड वाटेल, पण ३८-४० अंशात कळ्या तशाही वाळतात आणि झाडाचा जीव त्यात जातो. कुंडी अशा जागी न्या जिथे सकाळी दहापर्यंतचं ऊन आणि नंतर सावली. गच्चीवर असाल तर ५० टक्क्यांची ग्रीन नेट, आणि कुंड्या थेट तापलेल्या स्लॅबवर नको, दोन विटांवर ठेवा. वर वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या पसरा. खत बंद. कुंडी बदलणं बंद.

दुपारी पानं लोंबलेली दिसली की लगेच पाणी ओतायचा मोह होतो. आधी बोट घाला. माती ओली असेल तर ते उन्हाने लोंबलंय, संध्याकाळी आपोआप उभं राहतं. तेव्हा पाणी घातलं तर गरम ओल्या मातीत मुळं कुजतात. पानं पिवळी होऊन गळणं, खोड उघडं पडणं हे सगळं मे महिन्यात होणारच, घाबरू नका, खोड हिरवं आणि कडक आहे ना तेवढं बघा. पानाखाली बारीक जाळी आणि ठिपके दिसले तर लाल कोळी, पाण्याच्या फवाऱ्याने सकाळी पानं खालून धुवा आणि संध्याकाळी निंबोळी तेल ५ मिली व चार थेंब लिक्विड सोप एका लिटरमधे, आठवड्याने पुन्हा. भर उन्हात तेल फवारू नका, पानं भाजतात.

पावसाळा, इथेच सगळं ठरतं

मेअखेर वळवाचे पाऊस सुरू झाले की कुंड्या छपराखाली गेल्याच पाहिजेत. जूनचा दुसरा आठवडा उजाडायची वाट बघू नका. कोथरूड, वारजे, बावधनकडे तर हडपसर-वाघोलीपेक्षा जास्तच पाऊस असतो. झाडं पावसात न्हायली की ताजी होतात हे जास्वंदीला खरं आहे, जिरेनियमला नाही. चार दिवसांची झड लागली की बुंधा खालून काळा पडायला लागतो, वर दोन इंच चढला की खेळ संपला.

सावलीपेक्षा इथे छप्पर आणि वारा या दोन गोष्टी हव्यात. बाल्कनीची आतली बाजू, जिन्याची खिडकी, पार्किंगमधली उजेडाची कड, कुठेही चालेल पण हवा खेळती पाहिजे. चार बाजूंनी प्लॅस्टिक लावून बंद केलं तर आत दमट होऊन करड्या बुरशीने पानं जातात. गच्चीवर बांबू किंवा पाइपवर यूव्ही प्लॅस्टिकचं तिरपं छप्पर करा, बाजू उघड्या, पाणी मागे जाईल असा उतार. तेलाच्या जिरेनियमची रोपं मैदानी भागात पावसाळ्यात मरतात म्हणून लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने मातृरोपं अशाच साध्या प्लॅस्टिकच्या छपराखाली जगवायची पद्धत शेतकऱ्यांना दिली, त्याने रोपांचा खर्च खूप खाली आला. जे शेतकऱ्याला एकरासाठी चालतं ते आपल्या सहा कुंड्यांना का नाही चालणार?

कुंड्यांमधे वीतभर अंतर. पिवळं पान दिसलं की काढा, मातीवर गळून पडलेलं तर लगेच उचला. पाणी आठ-दहा दिवसांनी, तेही माती खरंच कोरडी असेल तर, हवेतच इतका ओलावा असतो की झाडाला तहान कमी लागते. खत नाही. छपराची सोय अजिबात नसेल तर झडीच्या दिवसांत कुंडी आडवी करून ठेवा, ओबडधोबड उपाय आहे पण झाडं वाचतात. आयव्हीच्या पानांखाली खरखरीत फोड दिसले तर तो रोग नाही, मुळं जास्त पाणी ओढतायत पण पानातून बाहेर पडत नाहीये, पाणी कमी करा आणि वारा वाढवा.

ऑक्टोबरची छाटणी आणि कटिंग

पाऊस उघडला, नवरात्र झालं की झाड बघायला केविलवाणं असतं, लांब उघड्या काड्या आणि टोकाला चार पानं. ते टाकून देऊ नका. प्रत्येक फांदी बुंध्यापासून १०-१५ सेंटीमीटर ठेवून छाटा, फांदीवर दोन-तीन तरी डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राहिल्या पाहिजेत. कात्री आधी स्पिरिटने पुसा आणि दर झाडानंतर पुन्हा पुसा, हा कंटाळा करू नका. वरची एक-दोन इंच माती काढून नवीन मिश्रण घाला, दोन वर्षं झाली असतील तर पूर्ण कुंडी बदला. ऑक्टोबर हीट संपेपर्यंत अर्ध्या सावलीत ठेवा, दिवाळीच्या सुमाराला पूर्ण उन्हात आणा. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांतून हिरवे कोंब येतात आणि डिसेंबरअखेर झाड पुन्हा गेंदांनी भरतं, नवीन आणलेल्यापेक्षा जास्तच, कारण मुळं जुनी आणि मुरलेली असतात.

छाटलेल्या शेंड्यांची कटिंग करा. ८ ते १० सेंटीमीटरचा निरोगी शेंडा, फूल नको, डोळ्याच्या लगेच खाली सरळ काप. खालची पानं काढा, वर दोन-तीन ठेवा, कळी असेल तर खुडा. मग काडी लगेच लावायची नाही, रात्रभर कागदावर सावलीत ठेवा, काप सुकून कातडी धरतो आणि कुज लागत नाही. लहान कपात अर्धं कोकोपीट, अर्धी वाळू किंवा परलाइट, ओलसर पण पिळून पाणी न येणारं, त्यात दोन डोळे आत जातील एवढी काडी लावा. रूटिंग हार्मोन (मुळं फुटायला मदत करणारी पावडर) असेल तर लावा, नसेल तरी अडत नाही. गुलाबाच्या कलमाला घालतो तशी प्लॅस्टिकची पिशवी इथे घालू नका, हमखास सडते. उजेड भरपूर, थेट ऊन नाही, पाणी अगदी जपून. तीन-चार आठवड्यांत हलक्या हाताने ओढून बघितलं तर अडकतं, म्हणजे मुळं धरली. मग चार इंची कुंडीत.

मैत्रिणीकडून, शेजाऱ्यांकडून आलेली काडी दोन-तीन आठवडे बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा. कारण एक जिवाणूजन्य रोग असा आहे की पान कडेने पिवळं होऊन छत्रीसारखं मिटतं, खोड आतून तपकिरी होतं आणि कात्रीवरून, पाण्याच्या थेंबावरून बाकीच्यांना लागतो. त्याला औषध नाही. तसं झाड दिसलं तर मातीसकट कचऱ्यात, कंपोस्टमधे नाही. बाकी कीड त्यामानाने सोपी. कळ्यांना बारीक भोकं म्हणजे आत अळी, हाताने वेचा किंवा बीटी पावडर (अळ्या मारणारं जैविक औषध) संध्याकाळी फवारा. पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, स्पिरिटच्या बोळ्याने पुसून निंबोळी तेल.

आणि ते खरं हार्डी जिरेनियम

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या ट्रेकला जुलै-ऑगस्टमधे जाणाऱ्यांनी ते बघितलेलं असतं, पातळ चिरलेली पानं, पाच सारख्या पाकळ्यांचं जांभळट फूल, गवतातून पसरलेलं. ते जिरेनियम वालिचियानम, कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे प्रमुख नॅथॅनिएल वॉलिच यांच्या नावावरचं. तिथून रोप उपटून आणू नका, ते राष्ट्रीय उद्यान आहे आणि रोप पुण्यापर्यंत जगणारही नाही. जगप्रसिद्ध 'रोझान' ही जात याच वालिचियानमचा आणि हिमालयेन्सचा संकर आहे, २००० मधे लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शो या पुष्पप्रदर्शनात आली आणि २०१३ मधे त्याच शोच्या शंभरीला लोकांनी तिला पहिला मान दिला. रोझानला बी धरत नाही, तेव्हा "रोझानच्या बिया" कोणी विकत असेल तर ती फसवणूक आहे.

ही झाडं थंडीत पानं टाकून जमिनीखाली झोपतात, गार रात्रींवर जगतात, त्यामुळे पुण्याच्या मे महिन्यात हिमालयातल्या जातींचा हट्ट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी करून बघायचंच असेल तर त्यातल्या त्यात दोन नावं शोधा. एक सँग्विनियम, कोरडी माती आणि ऊन इतरांपेक्षा बरं सोसणारं. दुसरं इन्कॅनम, खरं जिरेनियमच पण दक्षिण आफ्रिकेतलं, चटईसारखं पसरणारं. सँग्विनियमच्या बिया कडक कवचाच्या असतात, बारीक पॉलिशपेपरवर हलकं घासा, ओलसर कोकोपीटमधे मिसळून डबीत घालून फ्रिजमधे पाच-सहा आठवडे ठेवा. सप्टेंबरच्या मध्याला फ्रिजमधे ठेवलं तर ऑक्टोबरअखेर पेरता येतं. इन्कॅनमला ही थंडी लागत नाही, नुसतं घासून पेरा. उगवण एकसारखी होत नाही, आज दोन, तीन आठवड्यांनी एक असं चालतं, त्यामुळे ट्रे महिनाभरात फेकू नका.

माती वर सांगितलेलीच, वाळू थोडी जास्त. जमिनीत न लावता कुंडीतच ठेवा म्हणजे उन्हाळ्यात पूर्वेच्या सावलीत आणि पावसाळ्यात छपराखाली हलवता येतं. पहिल्या हिवाळ्यात फुलाची अपेक्षा नको, पानांचा झुबका जमला तरी पुष्कळ. मे महिन्यात पानं सगळी वाळली तर कुंडी उकरून मुळं बघू नका, आठवड्याला जेमतेम ओल राहील इतकं पाणी देत राहा आणि ऑक्टोबरपर्यंत थांबा, मातीच्या पातळीवरून कोंब आले तर झाड जिवंत आहे, तेव्हा छाटून खत सुरू करा.